फडातल्या पाण्याची जबाबदारी कारखान्यांनी घ्यावी

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व संचालक,
राज्यातील सहकारी आणि खासगी साखर कारखाने

विषय : ऊसतोड कामगारांना फडात पिण्याचं पाणी पुरवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

येत्या हंगामाच्या तयारीच्या बैठका आता सुरू असतील. बॉयलरची कामं, मिलचे रोलर, तोडणी-वाहतुकीचे करार, मुकादमांच्या उचली, किती टायरगाड्या, किती ट्रॅक्टर, किती हार्वेस्टर, सगळं कागदावर येत असेल. आजवर माझ्या हाती आलेल्या वार्षिक अहवालांत डिझेल सापडतं, वंगण सापडतं, चुना आणि गंधक सापडतं. फडात तोड करणाऱ्या माणसाच्या पिण्याच्या पाण्यावरच्या खर्चाची ओळ मात्र मला कधी सापडली नाही. ती यंदा घालावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मी ऊस उत्पादक सभासद आहे. नोकरी आरोग्य खात्यात झाली, प्राथमिक आरोग्य केंद्राचा आरोग्य सहायक म्हणून. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचं, घरोघरच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरिनची चाचणी, घ्यायची, नमुना पिवळा झाला नाही तर सरपंचांच्या मागे लागायचं, हे माझं काम होतं. त्यामुळे पाण्याबद्दल बोलायचा अधिकार थोडा तिकडून येतो, थोडा उसाच्या बांधावरून.

आपल्याला ठाऊकच आहे की उसाच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे टनाला सातशे लिटर. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. रोज हजार ते चौदाशे लिटर पाणी ही दोन माणसं तुमच्या काट्यापर्यंत पोचवतात आणि रस आटवताना सुटलेली त्यातली बरीच वाफ थंड करून कारखाना ते पाणी पुन्हा वापरतो. त्या दोघांकडे स्वतःसाठी काय असतं? तेलाचा धुऊन घेतलेला पाच लिटरचा डबा, पहाटे कोपीवरून, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवरून, भरून आणलेला. सोबत पोर असेल तर तेही त्यातलंच पितं. दहा-साडेदहाला डबा संपतो. मग शेतकऱ्याची मोटार चालू असेल तर पाइपला तोंड लावायचं, नाहीतर पाट, नाहीतर शेजारची विहीर. ठिबक असेल तर नळीचं टोक उघडून ओंजळ धरणारेही असतात. त्या नळीतून सकाळीच विद्राव्य खत सोडलेलं आहे, हे बीड-परभणीहून आलेल्या माणसाला कोण सांगणार? आम्ही शेतकरीही सांगत नाही. तोड आल्याच्या आनंदात आम्हाला तेवढं भान नसतं.

नोव्हेंबर-डिसेंबरात हे निभावतं. पहाटे दवात काम सुरू होतं, अंगात गारठा असतो, पाण्याची आठवण येत नाही. अडचण फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू होते आणि हंगाम लांबला की विचारायलाच नको. २०२१-२२ च्या हंगामात ऊस विक्रमी होता आणि गाळप जूनपर्यंत ओढलं गेलं. तेव्हा मराठवाड्यात मे महिन्याच्या उन्हात माणसं फडात होती. आपल्या नोंदींत त्या महिन्यांचं गाळप टनात आहे. माणसांचं काय झालं, त्याचा रकानाच नाही.

फडातलं ऊन रस्त्यावरच्या उन्हाहून वेगळं असतं. बाजूला डोक्याच्या वर गेलेला ऊस, आत वारा शिरत नाही. पात्याची कड कातडी चिरते म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, बाईच्या साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं. वाकून बुडख्यात घाव घालायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. भर उन्हात असं काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो, कधी त्याहून जास्त. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ‘रोज आठ ग्लास पाणी प्या’ असं छापून येतं ना, तो सल्ला पंख्याखाली बसणाऱ्यांसाठी. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या ‘नायॉश’ या अमेरिकी संस्थेची उन्हात काम करणाऱ्यांसाठीची शिफारस अशी आहे : दर पंधरा-वीस मिनिटांनी कपभर पाणी. म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर. सहा तासांच्या तोडीला एका माणसामागे साडेचार ते सहा लिटर झाले. पाच लिटरच्या डब्यात दोघं कशी भागवणार, हा हिशेब कारखान्याच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या चिटबॉयलाही करता येईल.

यात एक गोष्ट अशी की तहानेच्या भरवशावर राहून चालत नाही. तहान चांगली जाणवते तोवर शरीराच्या वजनाच्या एक-दोन टक्के पाणी गेलेलं असतं. पन्नास किलोच्या बाईच्या अंगातून अर्धा ते एक लिटर. त्यानंतर डोकं जड होतं, हाताची पकड सैल होते, कोयता चुकतो. पायाच्या नडगीवर कोयता लागलेली माणसं माझ्या नोकरीच्या काळात केंद्रावर यायची. ती दुपारी जास्त यायची. हा अभ्यास नव्हे, ड्रेसिंग करणाऱ्याची नजर आहे.

पण जखम दिसते तरी. मूत्रपिंडाचं दिसत नाही. आपली दोन मूत्रपिंडं दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत घेतात. अंगात पाण्याची तूट आली की ती लघवी घट्ट करतात, गडद करतात, जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवतात. त्यांच्याकडे येणारं रक्तच कमी झालं की मात्र त्यांचंच काम अडतं. एखाद्या दिवशी असं झालं तर रात्री पोटभर पाणी पिऊन माणूस सावरतो. पाच महिने रोज होत राहिलं तर मुतखडा ही त्यातल्या त्यात बरी शिक्षा, कारण तो दुखतो आणि माणूस दवाखान्यात जातो. गाळण्याची ताकद हळूहळू कमी होते तेव्हा काहीच दुखत नाही.

ही भीती मी उगीच घालत नाही. मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वामध्ये, ऊस तोडणाऱ्या तरुण माणसांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, वय तिशी-चाळिशीचं. हजारो माणसं गेली. निकाराग्वातल्या चिचिगाल्पा गावाजवळच्या एका वस्तीला लोक ‘विधवांचं बेट’ म्हणू लागले. या आजाराचं एकच एक कारण शास्त्रज्ञांनी पक्कं केलेलं नाही. कीटकनाशकं, धातू, जंतुसंसर्ग, सगळं तपासलं गेलं. पण तीव्र उन्हातले कष्ट आणि पाण्याची तूट हा संशयितांच्या यादीत वरचा क्रमांक आहे. आपल्या देशातही आंध्र प्रदेशच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात शेतीतल्या माणसांना असाच कारण न सापडलेला मूत्रपिंडाचा आजार आहे. आपल्याकडे ऊसतोडीला आलेल्या माणसाचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक, हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासून पाहा म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळेल. रक्ताची साधी चाचणी आहे, तालुक्याच्या प्रयोगशाळेत होते.

त्या देशांनी पुढे काय केलं, ते संचालक मंडळाने जरूर ऐकावं, कारण त्यात टनेज आहे. एल साल्वाडोरमधल्या एका साखर कारखान्याने थोड्या कामगारांवर एक प्रयोग केला. प्रत्येकाच्या पाठीवर तीन लिटर पाण्याची पिशवी दिली, फडात हलवता येईल असं सावलीचं छत उभं केलं, ठरावीक वेळाने विश्रांती सक्तीची केली आणि कोयत्याचा आकार सुधारला. पाणी वाढलं, विश्रांती वाढली आणि माणशी तोड रोजी ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. श्रेय सगळं पाण्याचं नाही, कोयताही बदलला होता. तिथली तोडही आपल्यापेक्षा वेगळी, त्यामुळे आकड्याला आकडा लावू नये. ‘पाणी प्यायला थांबले तर गाळप बसेल’ ही आपल्याकडची धास्ती मात्र खरी ठरली नाही, हे नक्की. नंतर निकाराग्वात विश्रांती, सावली आणि पाणी नेमाने दिल्यावर मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाल्याचंही नोंदलं गेलं.

आता अंगदुखीच्या गोळीबद्दल बोलतो, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. फडातल्या बहुतेक कमरेच्या पिशव्यांत चुना-तंबाखूशेजारी गोळ्यांची पट्टी असते. सकाळी एक, दुपारी एक. डायक्लोफिनॅकसारख्या या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. भरपूर पाणी प्यालेल्या धडधाकट माणसाला त्या एखाद-दोन दिवस चालून जातात. अंग कोरडं असताना महिनोन्‌महिने घेतल्या तर त्या पाण्याच्या तुटीला हातभार लावतात. गोळी बंद करा असं सांगून ती बंद होणार नाही. दिवसभर मोळ्या वाहिल्यावर कंबर दुखतेच, आणि खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. निदान त्या गोळीमागे पाणी तरी जाऊ द्या.

बायकांचं आणखी वेगळं आहे. समोर पाणी असूनही त्या पीत नाहीत. पहाटे अंधारात एकदा आणि रात्री अंधार पडल्यावर एकदा, एवढीच त्यांची सोय. तोड जसजशी पुढे सरकते तसतसा उसाचा आडोसा संपतो, भोवती गड्यांची ये-जा, रस्त्याला ट्रॅक्टर. मग पाणी कमी प्यायचं आणि लघवी धरून ठेवायची. त्यातून जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं. गरोदर बाईच्या बाबतीत हाच संसर्ग वेळेआधी बाळंतपण होण्यापर्यंत जाऊ शकतो. अंगावर पाजणारीला तर इतरांपेक्षा पाणी जास्त लागतं, आणि फडाच्या कडेला साडीच्या झोळीत बाळ असलेल्या बायका कमी नसतात.

बीड जिल्ह्यातल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्याची कारणं बरीच आहेत : खाड्याची भीती, कोवळ्या वयातली लग्नं, पैसे उकळणारे दवाखाने. सगळा दोष पाण्यावर ढकलण्याचा अडाणीपणा मी करणार नाही. पण ओटीपोट दुखतं म्हणून दवाखान्याची पायरी चढणाऱ्या बायांपैकी काहींचं दुखणं पाणी आणि आडोसा मिळाला असता तर तिथवर गेलं नसतं, हे पस्तिशी-चाळिशीतच पिशवी काढून बसलेल्या बायांशी बोललेला कुठलाही आरोग्य कर्मचारी सांगेल.

आता मुद्द्याचं. पाणी पोचवायचं कसं?

फडातून भरलेली गाडी कारखान्यावर येते, काट्यावर चढते, गव्हाणीत रिकामी होते आणि पुन्हा फडाकडे निघते. परतताना ती रिकामी असते. रोज, हंगामभर, शेकडो वाहनं. ज्या आवारातून ती निघते त्याच आवारात आपल्याकडे शुद्ध पाण्याचा प्रकल्प आहे, कॉलनीला त्याचंच पाणी जातं, संचालकांच्या बैठकीलाही. काट्यावर रिकाम्या गाडीचं वजन झालं की बाहेर पडायच्या जागी भरलेले, तोटीचे, झाकणबंद जार ठेवा आणि तोडचिठ्ठीबरोबर ते ट्रॅक्टरवर चढवा. परत येताना रिकामे जार येतील. वेगळा टँकर नको, वेगळा ड्रायव्हर नको. टायरगाडीवाल्यालाही दोन जार जड नाहीत. पाणी भरताना क्लोरिन किती आहे ते बघायला कारखान्यात केमिस्ट आहेतच. उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, काढणाऱ्याला ओटी टेस्ट म्हणजे दोन मिनिटांचं काम.

खर्चही सांगतो. दहा कोयत्यांच्या टोळीत वीस माणसं. माणशी सात लिटर धरलं तर १४० लिटर, म्हणजे वीस लिटरचे सात जार. बाजारातून तीस रुपयांना जार विकत घेतला तरी दिवसाचे २१० रुपये. ही टोळी पंधरा ते वीस टन तोडते. टनामागे दहा ते चौदा रुपये झाले, आणि घरचं पाणी वापरलं तर त्याहून बरेच कमी. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, ठरली आहे. त्यातून टनाला पाच-सात रुपये कमी मिळाले तर सभासद ओरडतील, असं आपण म्हणाल. ओरडतील. मीच पहिला उठून सांगेन की माझ्या बिलातून घ्या. पण आधी आसवनीच्या आणि वीजविक्रीच्या उत्पन्नाकडे बघून घ्या, मग आमच्याकडे या.

दुसरं आपलं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे : ‘कामगार आमचे नाहीत, करार वाहतूकदाराशी आहे, त्याचा मुकादमाशी.’ कागदावर बरोबर. कारखान्याच्या फाटकाच्या आत पिण्याचं पाणी कसं असावं, हे १९४८ च्या कारखाने कायद्याने इतक्या बारकाईने लिहिलं होतं की पाण्याची जागा मुतारीपासून सहा मीटर दूर हवी, ती कामगाराला कळेल अशा भाषेत लिहून दाखवलेली हवी आणि अडीचशेच्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी गार हवं, इथपर्यंत. कंत्राटदाराने सोय केली नाही तर मूळ मालकाने करावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितलं. आपण मूळ मालक आहात की नाही, हा वाद वकिलांना चालू ठेवू दे. तोडीचा कार्यक्रम कोण लावतं? कुठल्या गटात कुठली टोळी जाणार, किती बुडख्यातून तोडायचं, वाढं किती छाटायचं, जळक्या उसाला किती कपात, हे सगळं शेती विभाग ठरवतो. एवढं सगळं ठरवणाऱ्याला पाणीही ठरवता येईल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये द्यायचे ठरलेले आहेत, म्हणून आमची जबाबदारी संपली असंही कोणी म्हणू नये. महामंडळ फडात पाणी घेऊन येणार नाही, ते अंतर त्याच्या आवाक्यातलं नाही. आपली गाडी मात्र रोज तिथे जातेच.

नुसतं पाणी ठेवून भागणार नाही, हेही मान्य करतो. टनावर मजुरी असलेला माणूस थांबला की त्याचं नुकसान. म्हणून पाण्याची वेळ शेती विभागाने लावून द्यावी. गटातल्या सगळ्या टोळ्या एकाच वेळी थांबल्या तर कोणी मागे पडत नाही. मार्चपासून दुपारी बारा ते तीन तोड बंद ठेवावी आणि गाड्यांच्या खेपा त्याप्रमाणे बसवाव्यात. हार्वेस्टरच्या रेडिएटरमधलं पाणी बघितल्याशिवाय ड्रायव्हर सकाळी चावी फिरवत नाही, तेवढी शिस्त माणसांच्या बाबतीत लावायला फार काही लागत नाही. प्रत्येक गाडीतळावर, म्हणजे टोळ्यांच्या मुक्कामाच्या जागी, आणि मोठ्या फडात बायकांसाठी उचलून नेता येईल असा आडोसा हवा : चार खांब, ताडपत्री, खड्डा. याला निविदा काढायची गरज नाही.

एका गोष्टीची काळजी मात्र घ्या. उत्साहाच्या भरात कोणी एका बैठकीत दोन-तीन लिटर पाणी घटाघट प्यायला लावू नये. घामातून मीठही जातं, आणि नुसतं पाणी खूप झालं तर रक्तातलं सोडियम खाली येऊन माणूस गोंधळतो, पडतो. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, तासाला दीड लिटरच्या आत. दुपारची भाकरी, ठेचा, लोणचं यातून मीठ परत मिळतं, म्हणून जेवणाची सुट्टी खाऊ नका. कोणाला उलट्या-जुलाब झाले किंवा ऊन लागून कोणी गळून गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत असंच साखर-मीठ-पाणी पाजून कॉलऱ्याची माणसं वाचवली. आतड्यात साखरेबरोबर मीठ शिरतं आणि मिठामागून पाणी. या औषधातला एक घटक आपल्या गोदामात पोत्यांच्या थप्पीने पडलेला आहे. प्रत्येक मुकादमाकडे हंगामाच्या सुरुवातीला पाच किलो साखर आणि मिठाची पुडी द्यायला शेती अधिकाऱ्याची सही पुरेशी आहे. माणूस बरळायला लागला, अंग तापलं, शुद्ध हरपली तर मात्र त्याला काहीही पाजू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा, उसाची खेप राहिली तरी.

माझ्या कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी लेखी ठराव देत आहे. त्यात चार गोष्टी आहेत : परतीच्या गाडीवर पाणी, गाडीतळावर बायकांसाठी आडोसा, मार्चनंतर दुपारची तोड बंद, आणि हंगामाच्या सुरुवातीला व शेवटी प्रत्येक टोळीची क्रिएटिनिन तपासणी. इतर कारखान्यांच्या सभासदांनी मसुदा जसाच्या तसा उचलला तर माझी हरकत नाही. संचालक मंडळाने सभेआधीच निर्णय घेतला तर मी ठराव मागे घेईन आणि अभिनंदनाच्या ठरावाला अनुमोदन देईन. नाही घेतला तर माइक मागणार आहे. ‘वेळेअभावी उर्वरित विषय पुढील सभेत’ हे वाक्य मात्र यंदा अहवाल वाचनानंतर लगेच येऊ नये, एवढी विनंती.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद व निवृत्त आरोग्य सहायक